हात वर, कारणासहित

माझ्या मेव्हण्याच्या सासऱ्यांइतका मतदानाचा नाद असलेला माणूस साऱ्या सिंगापुरात शोधून सापडायचा नाही. वुडलँड्समधल्या लेकीच्या फ्लॅटवर, हॉकर सेंटरला जेवायचं की घरीच पिठलं टाकायचं यावरसुद्धा ते हात वर करायला लावत. कोणी कशाला मत दिलं आणि का, हे एका लांबट वहीत लिहून ठेवत. पाहुण्यांनाही सूट नव्हती. चहा की कॉफी, याला मी एकदा 'काहीही चालेल' म्हणालो, तर माझ्या नावापुढे त्यांनी 'तटस्थ' लिहिलं आणि मला खरोखरच काही मिळालं नाही.

हे वेड मूळचं विजेचं. नोकरीत असताना, अनेक राज्यांच्या सामाईक वीजजाळ्याच्या समितीवर ते आपल्या वीज कंपनीचे प्रतिनिधी होते. गिऱ्हाइकांच्या नावाने तिथे त्यांनी पंधरा वर्षं हात वर केला. गिऱ्हाइकांना त्याचा पत्ताही नव्हता. पुढे निवृत्त झाले, बायको गेली, लेकीने इकडे आणलं. इथे त्यांच्या वाचनात आलं की अमेरिकेतल्या काही राज्यांनी कायदाच केलाय: अशा ठिकाणी वीज कंपनीने कोणतं मत दिलं, हे तिने जाहीर करायलाच हवं. झालं! आपल्याकडेही असा कायदा व्हावा म्हणून गृहस्थ मसुदा लिहायला बसले. मी दर रविवारी यिशुनहून जायचो आणि एक नवं कलम ऐकून परतायचो. विजेतलं मला बटणापलीकडे काही कळत नाही, पण ऐकायला आवडायचं.

मग त्यांच्या गावाहून, कराडहून, पत्र आलं. तिथल्या वीजग्राहकांनी मसुदा हाती घेतला होता. तुम्ही इथे येऊन राहिलात तरच हे पुढे सरकेल, असं त्यांचं म्हणणं होतं. या वयात वडिलांना एकटं पाठवायला लेक तयार नव्हती. अर्थातच मत घ्यायचं ठरलं. सासऱ्याच्या जाण्यात जावयाचे हितसंबंध गुंतलेले असतात, असं सांगून माझ्या मेव्हण्याला त्यांनी वगळलं आणि मला साक्षीला बसवलं. लेकीचं मत 'राहावं', कारण काळजी. दहा वर्षांच्या नातीचंही 'राहावं'. कारण, "आजोबा गेले तर हाऊस सो बोरिंग लाह."

शेवटी 'जावं'साठी त्यांनी स्वतःचा हात वर केला आणि वहीतलं कारण वाचलं.

"ज्यांच्या नावाने इतकी वर्षं हात वर केला, त्यांना मी अजून काहीच सांगितलेलं नाही."

नात त्यांच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आजोबा, माय व्होट चेंज करू, कॅन? यू गो." म्हणजे दोन विरुद्ध एक. त्यांनी फक्त हो म्हणायचं होतं.

"नोंदलेलं मत बदलता येत नाही, बाळा," ते म्हणाले आणि वहीत सही केली.

असा नियम मसुद्यात कुठेच नव्हता. सगळी कलमं मी ऐकली होती. पण नातीने तोवर त्यांचा दंड घट्ट धरला होता, आणि साक्षीदार असूनही मी तोंड उघडलं नाही.

पुढचे दोन महिने ते पंधरा वर्षांतली आपली मतं आठवून लिहीत बसले. ते बाड कराडला पाठवायला माझ्याकडे दिलं, तेव्हा मी चाळून पाहिलं. बऱ्याच मतांपुढे त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'कारण आठवत नाही.' मला त्या माणसाची फार माया वाटली.