पर्सेफनीचे केस

अर्सुला पेनफोल्डचा विश्वास फक्त कुलपावर होता. दूधवालीसमोर उभी राहून ती दूध मापून घेई आणि पाद्र्याने प्रवचनात सांगितलेलं वचन घरी येऊन बायबलमध्ये पडताळून पाही. म्हातारी स्वतःच्या सावलीलाही मागे चालू देत नाही, असं इंग्लंडातल्या डॉर्सेट परगण्यातल्या त्या गावात म्हणत.

तिची लेक फीबी तापाने गेली, तेव्हा पेटीवर मढवायचं भरतकाम अर्धवट राहिलं होतं. इतर पोरी बायबलमधली राणी एस्तेर भरत. फीबीने हट्टाने ग्रीकांची कथा घेतली होती: पाताळात पळवून नेलेली पर्सेफनी जमिनीतून वर येते आहे आणि तिची आई, धान्यदेवी डिमीटर, हात पसरून उभी आहे. चित्रातल्या या मायलेकींची डोकी तेवढी बोडकी राहिली होती.

"मी पुरं करते, आई," सून टॉमसिन म्हणाली. अर्सुलाने कापड दिलं, पण कुरकुरतच.

पुढे शरदात, पेटाऱ्यात जपून ठेवलेली फीबीची तांबूस वेणी नाहीशी झाली. नुकताच लंडनच्या केसांच्या टोपांसाठी केस विकत घेणारा फेरीवाला येऊन गेला होता, आणि टॉमसिनच्या पायांत नवे बूट होते.

"बूट कुठून आले गं?"

"माहेरून, आई."

"माहेरच्यांना बरा पुळका आला!"

मग एका सकाळी अर्सुलाने दाराच्या फटीतून पाहिलं. टॉमसिन सासूच्या फणीतले पिकले केस चिमटीत गोळा करत होती. दुसऱ्याचे केस करणीलाच लागतात, हे कोणीही सांगेल. शेजारच्या गावात अशाच एकीला फासावर चढवलं होतं. त्यानंतर गुडघा धरला तो टॉमसिनमुळे, गाय आटली तीही टॉमसिनमुळे. सुनेने आधी खाल्ल्याशिवाय अर्सुला पावाला हात लावेना. संशयाला एकदा घरात घेतलं की तो जेवायलाही शेजारीच बसतो.

वसंतात तिने ठरवलं, न्यायाधीशाकडे जायचं आणि चेटकीण म्हणून सुनेचं नाव सांगायचं. हनुवटीखाली टोपीच्या नाड्या घट्ट बांधून ती निघाली, तोच दाराशी मालाची गाडी थांबली. हिवाळ्यात टॉमसिनने पुरं केलेलं भरतकाम, सासूला न दाखवताच, लंडनच्या पेटीवाल्याकडे गेलं होतं, ते पेटीवर चढून परत आलं होतं.

टॉमसिनने पेटी खिडकीपाशी ठेवली. तिने रेशमाचे केस लावले असतील, असं अर्सुलाने धरलं होतं. पर्सेफनीचे केस तांबूस होते, कपाळाशी वळलेले. ते अर्सुलाने स्वतः विंचरून वाढवले होते. डिमीटरचे पिकलेले, राठ. अर्सुलाचा हात आपल्याच कानशिलाकडे गेला.

"मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर वेणी दिली असतीत?"

"नसती दिली." म्हातारीला रडू फुटलं.

"आणि एवढ्या सकाळी निघालात कुठं, आई?"

अर्सुला नाड्यांशी झटत राहिली, गाठ काही सुटेना. शेवटी टॉमसिननेच पुढे होऊन ती सोडली.