अखेरच्या जोडातली गाठ

तर त्या जावयाचा डावा खांदा पडका होता, इथपर्यंत आपण काल आलो होतो. उलजिनवालीने त्याला पाहिलं ते एकदाच, ओढ्यावरच्या पुलावरून जाताना, आणि तोही पाठमोरा. सासू म्हणाली, मापाला बोलावते. तर ही म्हणे, नको, लाजेल बिचारा. आणि बंडी अशी शिवून दिली की अंगात घातल्यावर दोन्ही खांदे एका रेषेत. सासूने पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि म्हणाली, "उलजिनवाली, हे शिवणकाम नव्हे, ही खोटी साक्ष झाली." त्या जावयाने कोपरं फाटेपर्यंत सासुरवाडीत ती बंडी अंगातून काढली नाही.

तिचं खरं नाव माकसुन. पण सून उंबऱ्यात आली की तिचं नाव बाहेरच राहतं आणि ती माहेरच्या गावाच्या नावाने मरेपर्यंत ओळखली जाते. उलजिनच्या समुद्रकाठची म्हणून ही उलजिनवाली. दुसऱ्याच हिवाळ्यात नवरा लाकूडतोडीला गेला आणि झाडाखाली सापडला. मूलबाळ नव्हतं. सासूसासऱ्यांचं शेवटपर्यंत केलं, मग तेही गेले. उरली दक्षिणेला खिडकी असलेली एक खोली, चुलीच्या धगीने तापणारी जमीन आणि शिवणाची टोपली.

धुतलेलं कापड गुळगुळीत करायला दगडावर कुटायचं तर दोघी समोरासमोर बसतात. चार दांडकी. सासूसुनेचं भांडणसुद्धा त्या तालात होऊन जातं. उलजिनवालीच्या घरातून मात्र दोनच दांडक्यांचा आवाज यायचा. संध्याकाळी तो सुरू झाला की शेजारची योंगजूवाली हातातलं काम टाकून थोडा वेळ ऐकत राहायची. कधी उठून तिच्यासमोर जाऊन बसायची. पण योंगजूवालीला चार लेकरं आणि अंथरुणाला खिळलेला सासरा, रोज कुठलं जमायला?

गावाने तिच्या हाताचं कौतुक केलं, पण बेताने. नव्या नवरीची रजई तिच्याकडे कधी दिली नाही. ती शिवायला नवरा हयात आणि मुलगे धडधाकट असलेली बाई लागते. मेल्यावर अंगावर चढवायच्या अखेरच्या कपड्यांना मात्र नशीब लागत नाही, हात लागतो, असं गावाने आपल्या सोयीने ठरवून टाकलं होतं. म्हणून अधिक महिना आला की सगळ्या म्हाताऱ्या तागाचं कापड घेऊन तिच्या खोलीत. अधिक महिन्यात देवांचं माणसांकडे लक्ष नसतं. तेव्हा अखेरचा जोड शिवून ठेवला की आयुष्य वाढतं.

आणि काय हसायच्या तिथे! एक म्हणायची, "माझी बाही जरा लांब ठेव गं, वर थंडी असते म्हणतात." की दुसरी लगेच, "तुला कोण वर नेतंय? खाली उकडतं, आखूडच बरी." एरवी ज्या खोलीत सुईचा आवाज ऐकू यायचा, तिथे महिनाभर कुणाला कुणाचं ऐकू यायचं नाही. उलजिनवाली आठवडाभर आधीपासून जमीन पुसायची आणि एकट्या बाईला वर्षभर संपणार नाही एवढं मुळ्याचं लोणचं घालून ठेवायची.

अखेरच्या जोडाचा नियम एकच. दोऱ्याला गाठ मारायची नाही. टोक लांब सोडायचं, उलटा टाका घालायचा नाही. शिवण कशी सरळ जायला हवी. मेलेल्याच्या कपड्यात गाठ राहिली तर त्याचा पाय इथून निघत नाही आणि मागच्यांचं नशीब अडकतं. लहान पोरीलाही हे माहीत.

एका वर्षी उन्हाळ्यात गावात सगळे पेट्या उघडून कपड्यांना ऊन देत होते. उलजिनवालीचा गुडघा दुखत होता, म्हणून तिचा जोड योंगजूवालीने अंगणात पसरला. उलजिनवालीने कित्येक वर्षांपूर्वी स्वतःसाठी शिवलेला. कॉलरवरून हात फिरवताना बोटाला काहीतरी लागलं. गाठ. बाजरीच्या दाण्याएवढी, पण गाठच. योंगजूवालीने पटकन जोडाची बाही त्यावर ओढली. पण शेजारीच चटई झटकत गावप्रमुखाची बायको उभी होती, आणि तिची नजर घारीची.

संध्याकाळपर्यंत विहिरीवर सगळ्यांना कळलं. उलजिनवालीला आता दिसत नाही, स्वतःच्या जोडात गाठ घालून बसली, आपल्यात किती घातल्या असतील कोण जाणे. दोघीतिघींनी घरी जाऊन आपले जोड उजेडात धरून चाचपले. काही सापडलं नाही, तरी भीती गेली नाही. गावप्रमुखाची बायको म्हणाली, आन्दोंगच्या बाजारात आता तयार मिळतात, यंदा तिथूनच आणू. अधिक महिना तोंडावर आला होता. योंगजूवालीच्या डोळ्यांपुढे ती पुसलेली खोली आली आणि लोणच्याचा तो मोठा रांजण.

ती कात्री घेऊनच उलजिनवालीकडे गेली. म्हणाली, वहिनी, मी सांगते विहिरीवर की डोळे आले होते तेव्हा शिवलेला जोड आहे. आत्ता माझ्यासमोर गाठ उसवा आणि विषय संपवा. उलजिनवालीने सुई घेतली. खिडकीत उजेड मावळला होता. तिने दोरा एका झटक्यात ओवला आणि सुई योंगजूवालीच्या हातात दिली. योंगजूवालीने दोरा काढून पुन्हा ओवून पाहिला, तिला जमेना.

"म्हणजे चुकून नाही?" योंगजूवालीने विचारलं. "मुद्दाम? वहिनी, का?"

त्यावर तिने जे उत्तर दिलं, ते योंगजूवालीने दुसऱ्या दिवशी विहिरीवर जसंच्या तसं सांगितलं. गावप्रमुखाची बायको भरलेली घागर तिथेच ठेवून घरी गेली आणि ती न्यायला तिला परत यावं लागलं. अधिक महिना लागला तेव्हा ती खोली नेहमीसारखी भरली. सगळ्यांत आधी ताग घेऊन आली ती गावप्रमुखाची बायकोच. फक्त त्या वर्षी बाहीवरून कुणी थट्टा केली नाही. पुढे उलजिनवालीची वेळ आली तेव्हा तो जोड तिच्या अंगावर चढवला तोही योंगजूवालीने. कॉलरपाशी तिचा हात थांबला, पण गाठ तिने तशीच राहू दिली.

त्या संध्याकाळी उलजिनवाली कात्री बाजूला सारत म्हणाली होती, "गाठ नको का, तर मागच्यांचं नशीब अडकू नये म्हणून. माझ्या मागे कुणाचं नशीब आहे गं अडकायला? राहू दे एक. जाताना कुठेतरी अडकल्यासारखं वाटेल तरी."