तपासायचं ऱ्हायलेलं पान

माज्या नातीचं एक गनित ऱ्हायलं व्हतं. एम टू म्हनत्यात त्याला. विंजनेरीच्या पयल्या वर्साला दोन गनितं असत्यात, एम वन आनि एम टू. एम वन तिनं काढलं, एम टू काय निगंना. दुसऱ्या वर्साचे समदे विषय पास झाली, पर हे मागचं तसंच. आनि त्यांच्यात नियम असा की पयल्या वर्साचं एक जरी ऱ्हायलं तर तिसऱ्या वर्साच्या वर्गात घेत न्हाईत. घरी बसायचं, परत पेपर द्यायचा, सुटला तर म्होरल्या वर्सी जायचं. तशी ती पुन्यातनं परत आली. भातलावनी तोंडावर आलेली, आनि ही दोन पिशव्या अन् गादीची वळकटी घेऊन एस्टीतनं उतरली.

माज्या लेकानं, म्हंजी तिच्या बापानं, वळकटी हातातनं घेतली आनि म्हनला, "बरं झालं आलीस. शनवार-रविवार भाकऱ्यांना मानूस कमी पडतंय."

राजगडावर येनाऱ्या पोरांची जेवनं आमच्या घरी असत्यात. पिठलं, भाकरी, ठेचा. लेकाला वाटलं, पोरगी वरीसभर घरी हाय म्हंजी कामाला हाय. सुनंला बी तसंच वाटलं. तिचं तरी काय चुकलं, एकटी चुलीम्होरं बसून तिचं डोळं गेलं व्हतं धुरानं. पोरीनं हातपाय धुतलं आनि परातीपुढं बसली.

म्या चार दिस बघितलं. वह्या पिशवीतनं निगाल्या बी न्हवत्या. पाचव्या दिशी लेकाला म्हनलं, "ती काम करनार न्हाई. तिच्या वाटचं मी करीन."

"आये, तुला गुडघ्यानं उठवत न्हाई."

"ते माजं मी बघीन."

मी दुसरी शिकले. तिसरीला बसायच्या वक्ताला आई बाळंत झाली आनि मला भावाला सांभाळायला घरी ठिवलं. त्यो भाऊ शिकला, नोकरीला लागला, आता पेन्शन खातो. त्याला मी कदी काय बोलले न्हाई. सही करायला येती मला, वाचायचं कवाच इसरले.

आमच्याकडं भाताला मजूर लावत न्हाईत, सावड असती. आज धा बाया तुमच्या वावरात, उद्या त्याच बाया आमच्यात. ज्या घरातनं जेवढ्या बाया जात्यात तेवढ्या त्या घराला परत मिळत्यात. आमच्या घरच्या दोन धरलेल्या, सून आनि नात. मी गेले नातीच्या जागी. तर बाया बांधावरच थांबल्या. एक शेजारीन म्हनली, "मावशी, वाईट वाटून घेऊ नका, पर म्हातारीच्या बदल्यात आमी तरनी का द्यावी?"

तिचं बरोबर व्हतं. लावनीला वाकून माजा हात चालत न्हाई. मंग असं ठरलं की मी बसून तरवा, म्हंजी भाताची रोपं, उपटायचा, आनि माजे दोन दिस धरून नातीचा एक. म्हंजी सुनंचे दिस भरले तरी मी जायची. पावसात इरलं घेऊन चिखलात बसायची. पानी कमरंपत्तर मुरायचं. गुडघा तर माजा न्हवताच, उचलून बाजूला ठिवल्यावानी वाटायचा.

बाया वाकल्या वाकल्या बोलायच्या. "काय वो मावशी, तुमची विंजनेर घरात बसून आकडं काढती व्हय? मंग आमाला बी एक सांगा म्हनावं, लावून बघतो."

म्या म्हनलं, "तुला लागला तर उद्या तू लावनीला यायची न्हाईस. म्हनून सांगत न्हाई ती."

हसायच्या. मी बी हसायची. मनात काय असंल ते मनात.

घरात मोबाईलला रेंज न्हाई. वर पान्याच्या टाकीपाशी येती. तिथं बसून ती मोबाईलमदल्या मास्तराचं ऐकायची. त्यो अर्धं हिंदी बोलायचा, अर्धं विंग्रजी. पोरगी एकटी टाकीपाशी बसती, कुनाशी बोलती कुनाला ठावं, असं कुनीतरी लेकाच्या कानावर घातलं. लेक म्हनला, "अभ्यास घरात बसून करायचा."

"घरात रेंज न्हाई."

"मंग नको करू म्हनावं."

तवापासनं वावरातनं आलं की मी तिच्यासंगं टाकीपाशी जायची. नाचनीचं सूप मांडीवर घेऊन बसायची, म्हंजी कुनी आलंच तर दिसंल की आजी हाय. ती लिव्हायची, मी खडं काढायची. तिच्या वहीत मासं धरायच्या गळासारखी एक खून असायची, लांब, दोनी टोकं वळलेली. पानापानावर तेच.

"ह्यो गळ कसला गं?"

"इंटिग्रेशन आहे आज्जे. बारीक बारीक तुकडे करायचे आणि सगळे मिळून किती होतात ते काढायचं."

"परत मिळवायचंच हाय तर तुकडं कशाला करायचं?"

ती हसली. "थांब, सरांना विचारते."

एकदा म्हनली, गरम पानी ठिवलं तर किती मिनिटानं कोमट व्हईल ते ह्या गनितात निगतं. म्या म्हनलं, "बोट घालून बघ की."

"परीक्षेत बोट चालत नाही गं."

मला त्यातलं काय कळत न्हवतं, पर तिला कळतंय का न्हाई ते कळायचं. येत नसलं की ती पेनाचं टोपान चावायची. याया लागलं की पेन थांबतच न्हवता, दोन दोन पानं भरायची. दिवाळीपत्तर टोपान चावायचं बंद झालं. मागच्या वर्साचे पेपर वेळ लावून सोडवायची, मी मोबाईलचं घड्याळ धरून बसायची. तिनं सांगितलेला आकडा आला की म्हनायची, "ठिव खाली." मंग तिनं पेन खाली ठिवायचा. एकदा बी म्या तिला जादा वेळ दिला न्हाई.

मंग भातकापनी आली. परत सावड, परत माजे दोन आनि तिचा एक. भारं उचलवत न्हवतं म्हनून मी कापायचीच. इळ्यानं बोट कापलं, फडकं बांधलं, कापत ऱ्हायले. झोडनी व्हायच्या आत तिचा पेपर आला. ती पुन्याला मैत्रिनीकडं गेली, दोन दिसांनी परत आली. मार्गासनीला एस्टीतनं उतरून पुडं टमटमनं आली. येताना वडापाव घेऊन आली माज्यासाठी.

"आज्जे, सगळं लिहिलं. एकही प्रश्न सोडला नाही."

निकाल लागला तवा ती नापास. पाच मार्कानं.

मी तिच्याशी तीन दिस बोलले न्हाई. तिची आई बोलली, बाप बोलला, शेजारनी येऊन "असू द्या, नशीब" म्हनून गेल्या. मीच बोलले न्हाई. ताट पुडं सरकवायची आनि उठायची. मला वाटायचं, हिनं टाकीपाशी बसून केलं काय? माजं दोन दोन दिस गेलं कुटं?

त्या दिवसात एका नातेवाइकानं स्थळ आनलं. भोरकडचं, पोरगा शिरवळला कंपनीत. शेती हाय, घर पक्कं हाय, पोराला येसन न्हाई. लेकानं बघायला या म्हनून सांगून टाकलं.

बघायच्या आदल्या दिशी नात माज्याजवळ आली. मी भात निवडत व्हते. तिनं फारम भरून आपल्या तपासलेल्या पेपराचे फोटू मागवले व्हते, ते मोबाईलवर आले व्हते.

"आज्जे, हे बघ."

एकेक पान सरकवीत गेली. तिचं निळं अक्षर, त्यावर लाल पेनाच्या खुना. कुटं बरोबर, कुटं फुली, कडंला आकडा. मंग एक पान आलं. वरपासनं खालपत्तर भरलेलं, त्यो गळ चार ठिकानी, आनि लाल काईच न्हाई. ना बरोबर, ना फुली.

"हे तपासलंच नाही. दोन पानं एकदम उलटली असतील त्यांनी. हे सगळं बरोबर आहे आज्जे, मी परत परत ताडून बघितलं. परत तपासायला टाकलंय. दोन महिने लागतील. बाबांना तेवढं थांबायला सांग. तुझं ऐकतील."

म्या मोबाईल हातात घेतला. मागचं पान काढून बघितलं, पुडचं काढून बघितलं. वाचता येत नसलं म्हनून काय, लाल आनि निळं मला कळतं. त्या पानावर लाल न्हवतं.

म्या म्हनलं, "बघू."

दुसऱ्या दिशी पावनं आलं. रविवार व्हता, अंगनात गडावरची पोरं जेवत व्हती, आत ही मानसं. पोहे झालं, च्या झाला. पोरगी त्यांना पसंत पडली. पोराचा चुलता म्हनला, "मंग आजच सुपारी फोडून टाकू." आमच्याकडं सुपारी फुटली म्हंजी ठरलं, तिथनं मागं फिरत न्हाईत. आनि घरात मोठं मानूस असंल तर त्याला इचारल्याबिगर फोडत न्हाईत. लेक माज्याकडं वळला.

"आये, तू सांग. तुजा शब्द."

समदी माज्याकडं बघाया लागली. नात सैपाकघराच्या दारात उभी व्हती. मान वर करून तिनं बघितलं न्हाई, पर कान हिकडंच व्हता.

म्या म्हनलं, "फोडा."

का म्हनलं ते सांगते. राग तर व्हताच. गुडघा दुखत व्हता, म्होरल्या वर्सी परत ती सावड नको वाटत व्हती. पर नुसतं तेवढंच न्हवतं. माज्या मनाला पटलंच न्हाई की एवढी शिकलेली मानसं पान तपासायचं इसरतील. पोरगी खोटं बोलत असंल, न्हायतर तिला कळलं नसंल, असं वाटलं. जलमभर तलाठी म्हनला ते खरं, मास्तर म्हनला ते खरं, डाक्टर म्हनला ते खरं. त्यांच्याकडनं बी चूक व्हती हे आमच्या डोक्यात कुनी घातलंच न्हाई. माज्या डोळ्याला दिसत व्हतं, आनि म्या डोळ्यावर इश्वास ठिवला न्हाई.

लग्नाला नऊ दिस ऱ्हायले आनि परत तपासलेला निकाल आला. पास. त्या एका पानाचे मार्क पडले आनि पास झाली. ती घरात कुनाला बोलली न्हाई, फकस्त मला येऊन सांगितलं. नुसतं "पास झाले" म्हनली आनि हळकुंडं निवडाया बसली.

मी लेकाला वावरात गाठलं. म्हनलं, "लग्न थांबीव. पोरगी पास झाली."

"पत्रिका वाटून झाल्यात आये. सुपारी तूच फोड म्हनलीस."

"म्या म्हनलं. आता मीच म्हनते थांबीव."

त्यो थांबवनार न्हवता, पर त्यानं पोराच्या घरी फोन करून म्होरं शिकवाल का इचारलं. तिकडनं उत्तर आलं, "शिकवू की. आमी काय अडानी हाव का?" लेकाला तेवढं पुरलं. मला बी पुरवून घ्यावं लागलं.

लग्न झालं. पावसाळा लागला, तिसऱ्या वर्साचं फारम भरायची येळ आली आनि नातीचा फोन काय आला न्हाई. मी सुनंला सांगून निगाले. नसरापूरला एस्टी बदलली, भोरला उतरले, तिथनं टेम्पोत बसून त्यांच्या गावात गेले. विहीनबाईनं पाट दिला, पानी दिलं, चांगलं बोलली.

म्या म्हनलं, "पोरीचं फारम भरायचं हाय. शब्द दिला व्हता तुमी."

"व्हय की, दिला व्हता. पर आता तिला दिस गेल्यात. यंदा कसं जायचं? बघू म्होरल्या वर्सी." मंग हसून म्हनली, "आनि एवढं गनित शिकून तिला काय करायचंय वो? पोटच्या पोराला पाडं शिकवाया आलं म्हंजी झालं."

 आमच्या घरात पोरगी बघाया आले तवा त्यांच्याकडनं कागद थोडाच लिव्हून घेतला व्हता.

नात मला फाट्यापत्तर सोडाया आली. डोईवर पदर, हातात माजी पिशवी. गालफडं बसली व्हती. म्या म्हनलं, "खाती का न्हाई नीट?"

"खाते."

"म्होरल्या वर्सी पाठीवतील म्हनती तुजी सासू."

ती रस्त्याकडं बघत व्हती. मंग म्हनली, "आज्जे, तुला ते पान दिसलं होतं ना?"

"दिसलं व्हतं."

"लाल नव्हतं ते दिसलं होतं?"

"व्हय."

पुडं ती काय इचारील म्हनून मी थांबले. तिनं इचारलं न्हाई. एस्टी आली, तिनं कंडक्टरला म्हनलं, "म्हाताऱ्या आहेत, बसल्यावर बेल द्या." मला हाताला धरून वर चढिवलं, पिशवी मांडीवर ठिवली आनि खाली उतरली.

आता तिला पोरगी झालीया. फोन येतो, माज्या गुडघ्याचं इचारती, गोळ्या घेतल्या का म्हनती. दोन पावसाळं गेलं, फारमाचं नाव कुनी काढत न्हाई. तिच्या वह्या हितंच हायेत, गोनीत भरून माळ्यावर. सून म्हनली रद्दीत घालू. म्या म्हनलं ज्याच्या हायेत त्याला इचार. तिनं फोनवर इचारलं, तर नात म्हनली, "घाला."