कॅरमवाले आणि बुद्धिबळवाले

अमरावतीच्या एका सरकारी कचेरीत मी कारकून म्हणून लागलो, तेव्हा तिथं दोन पक्ष होते. कचेरी सुटली की मागच्या खोलीत खेळ मांडले जायचे. खिडकीजवळ कॅरम, भिंतीशी बुद्धिबळ. कॅरमवाले म्हणायचे, दिवसभर फायलींत डोकं घालायचं आणि संध्याकाळी पुन्हा डोकंच खाजवायचं, तो काय खेळ झाला? बुद्धिबळवाले म्हणायचे, टिचक्या मारायला अक्कल लागत नाही.

मला कॅरम आवडायचं. अंजनगाव सुर्जीला वसतिगृहातल्या पापुद्रे निघालेल्या बोर्डावर माझा हात चांगला बसला होता. पण इथल्या बोर्डाशी जागा कधी रिकामीच नसायची. एक उठला की दुसरा बसलेला. मी खुर्च्यांमागे उभा राहून बघायचो. असाच उभा असताना हेडक्लार्कांनी मला भिंतीकडे बोलावलं. पन्नाशीचे गृहस्थ, दर्यापूरकडे घरची काळ्या जमिनीची शेती, स्वभावानं मवाळ. त्यांनी मला बुद्धिबळ शिकवलं. पुढं मी त्यांना हरवू लागलो, तर माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त आनंद व्हायचा. मीही मग बुद्धिबळवाल्यांच्या बाजूनं वाद घालू लागलो.

एके संध्याकाळी कॅरमचा चौथा गडी रजेवर होता. मी म्हटलं, मी बसतो. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकजण सोंगट्या लावता लावता म्हणाला, "आज आमी तिघंच खेळतो."

आमच्या घरानं बुद्ध धम्माची दीक्षा घेऊन काही वर्षं झाली होती. कचेरीत त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. पण कॅरममध्ये एकच स्ट्रायकर चौघांच्या हातून फिरतो. मला जागा का मिळत नव्हती, ते त्या क्षणी कळलं.

मी भिंतीशी परत आलो. हेडक्लार्कांनी सगळं पाहिलं होतं. ते हळू आवाजात म्हणाले, "काहून जाता तिकडे? तुमचं डोकं इथं चालते. तो त पोट्ट्याईचा खेळ हाय."

ते चांगल्या मनानं बोलले, म्हणूनच जास्त लागलं. बुद्धिबळ मी निवडलंय असं मला वाटत होतं. मला तिथं बसवलं गेलं होतं. मी त्यांना विचारलं, "साहेब, माह्या जोडीनं कॅरमले बसता काय?"

"मले कॅरम येत नाही."

"मले तरी बुद्धिबळ कुठं येत होतं?"

त्यांनी पटावरची मोहरी डबीत भरायला घेतली. मी घरी निघून आलो. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, खेळच आहे, सोडून द्या. मग भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, "पन दर बारीले आपनच काहून सोडायचं?"

पुढच्या आठवड्यात हेडक्लार्क आपली खुर्ची उचलून कॅरमपाशी गेले आणि मला हाक मारली. त्यांना नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. चौथा अजून रजेवरच होता; एकाला घरचं काम आठवलं, दोघे उरले. आम्ही खेळलो. साहेबांचा स्ट्रायकर दोनदा भोकात गेला, पण कुणी हसलं नाही. मी राणी घेतली तेव्हाही खोलीत आवाज आला तो फक्त सोंगटीचा. शेजारी बसलेल्यानं स्ट्रायकर बोर्डावरून माझ्याकडे सरकवला. तसा तो नेहमीच सरकवतात, पण त्या दिवशी मला तेही खुपलं. डाव आम्ही जिंकला आणि चौघेही उठलो.

दुसऱ्या दिवशी बोर्ड कपाटात बंद होता. पावडर संपली, असं सांगण्यात आलं. हेडक्लार्कांना कपाट उघडवता आलं असतं. त्यांनी ते केलं नाही. त्यांनी मुकाट्यानं बुद्धिबळाचा पट मांडला आणि माझी वाट पाहत बसले. मी बसलो नाही. बरेच दिवस सरळ घरी गेलो. मग एकदा, ते एकटेच दोन्हीकडची प्यादी हलवताना दिसले आणि मला राहवलं नाही. आम्ही पुन्हा खेळू लागलो. त्या कॅरमचा विषय दोघांनीही काढला नाही.

पुढं माझी बदली अकोल्याला झाली. तिथल्या कचेरीतही कॅरम होतं. पहिल्याच आठवड्यात एकानं स्वतःहून मला जागा करून दिली आणि नाव-गाव न विचारता स्ट्रायकर हातात ठेवला. मी नेम धरला, पण नजर सोंगटीवर ठरेना. ती सारखी बोर्डाभोवतीच्या बाकी तिघांच्या तोंडाकडे जात होती. कितीतरी महिने ती तशीच जात राहिली.