नवा कोट भिजेल म्हणून

मी आज जो काही आहे तो माझ्या मावसाजींमुळे आहे, हे आधी सांगून टाकतो. म्हणजे पुढे त्यांच्याबद्दल थोडं गमतीनं लिहिलं, तर कोणाचा गैरसमज नको. आता दुसरी गोष्ट. उभ्या बुलढाणा जिल्ह्यात मोटरसायकलवर घालायच्या रेनकोटाचा त्यांच्याएवढा अभ्यास कोणी केलेला नाही, आणि मोटरसायकलवर त्यांच्याएवढं कोणी भिजलेलंही नाही.

मावसाजी मेहकरला राहतात आणि शिलाई मशीन दुरुस्त करतात. दुकान नाही. गाडीच्या डिक्कीत सुया, बॉबिन, पट्टे आणि तेलाची कुपी टाकायची आणि खेड्याखेड्यांत फिरायचं, असा त्यांचा धंदा. या धंद्याची खोड अशी की तो ऐन पावसात जोर धरतो. शाळा उघडायच्या तोंडावर गावोगावच्या बाया गणवेश शिवायला बसतात, आणि त्याच दिवसांत दमट हवेनं मशीन अडून बसते. मग फोन येतो आणि मावसाजी निघतात. "मशीन बंद पडली म्हंजे त्या बाईचा हंगाम बंद पडला, बाबू," असं ते म्हणतात. त्यामुळे रेनकोट ही त्यांच्यासाठी चैन नव्हती. पण मुलीला स्थळ पाहावं तितक्या चिकित्सेनं ते कोट पाहत.

दुकानात गेले की कोट हातात घेताच ते आधी तो उलटा करत. रंग, खिसे, किंमत सगळं नंतर. जन्मभर सुईशी संबंध आल्यामुळे सुईवर त्यांचा काडीचा विश्वास उरलेला नव्हता. "जथून सुई गेली, तथून पानी जाते," हा त्यांचा सिद्धांत. शिलाईवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का, ती नखानं निघते का, चेनीवर झाकण आहे का, हे सगळं बघून झालं की पँट हातात घेत आणि बैठकीच्या जागची शिलाई उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बघत. "सीटवर पानी साचते, आन् मानूस त्याच्यात बसून राह्यते. कंपनीवाल्याईनं कधी गाडीवर बसून पाह्यलं नाई." एकदा मेहकरचा दुकानदार कंटाळून म्हणाला, "काका, तुमाले कोट घ्याचा आहे का पाह्याचा आहे?"

"पाहून घ्याचा आहे."

"मंग घ्याचा कवा? मागच्या मिरगापासून तं पाहूनच राह्यले तुमी!"

"तुह्या दुकानातून खराब माल जाऊ नाई म्हून पाहून राह्यलो. मले काय, मी आज हावो, उद्या नाई," मावसाजी म्हणाले आणि दुसरा कोट उलटा करायला घेतला.

पोंचो त्यांनी एकदाच घालून पाहिला. मागून सुटलेल्या ट्रकच्या वाऱ्यानं तो डोक्यावरून असा उलटला की थोडा वेळ गाडी आंधळी चालत होती. तेव्हापासून पोंचो घातलेला माणूस दिसला की ते त्याला थांबवून समजावत. दुरून दिसावा म्हणून पुढे त्यांनी झगझगीत नारंगी कोट घेतला. पहिल्याच दिवशी दुकानातून तो घालून बाहेर पडले, तर वाटेत एका शेतकऱ्यानं हात करून थांबवलं आणि नमस्कार करून विचारलं, "साहेब, हा रोड कधी होते?" माणूस आशेनं विचारत होता, त्याला नाराज करणं मावसाजींच्या जिवावर आलं. ते म्हणाले, "दिवाळीनंतर." त्या गावात जायचं म्हटलं की ते अजून दिवाळीचा अंदाज घेऊन जातात.

कोट पसंत पडला तरी त्याची परीक्षा बाकी असे. आमच्या शेतात उन्हाळी भाजीला तुषार लावलेले असायचे. मावसाजी भर उन्हात यायचे, गाडी वाफ्याच्या कडेला डबल स्टँडवर लावायचे, कोट-पँट, हेल्मेट चढवून वर बसायचे आणि मला म्हणायचे, "सोड पानी." आतल्या खिशात मावशीनं केलेला एक पापड ठेवलेला. फवारा अंगावरून फिरत राहायचा आणि मावसाजी हँडल धरून समोरच्या लिंबाकडे अशा नजरेनं बघायचे, जणू घाट लागला आहे. शेवटी उतरून पापड काढायचे आणि मोडायचे. कडकन मोडला तर कोट पास. माझे वडील बांधावर उभे राहून मान हलवायचे. "मिरगाच्या आंधी भिजनारा हा एकच मानूस."

इतकं सगळं करून मावसाजी भिजायचे का, तर त्याचं कारण असं की कोट नवा असायचा. पास झालेला कोट ते पुन्हा घडी घालून दुकानाच्या पिशवीत आणि पिशवी डिक्कीत ठेवत. ढग आले की लिंबाखाली गाडी थांबवून तो काढत, हातानं कुरवाळत आणि आकाशाकडे बघून म्हणत, "बारीक पानी आहे. एवढ्याशासाठी काय नवा कोट काढाचा?" पुढे पाऊस कोसळला की म्हणत, "आता भिजलोच. आता घालून काय फायदा?" बारीक आणि जोराचा यांच्या मधला जो पाऊस त्या कोटाच्या योग्यतेचा होता, तो आमच्या भागात कधी पडलाच नाही.

असेच ते एकदा ओलेचिंब आमच्या घरी आले होते. माझी बारावी झाली होती आणि वडिलांनी मला पुढे न शिकवता शेतात घ्यायचं ठरवलं होतं. त्यांचा दोष नव्हता. आमच्या घरात कॉलेज कोणी पाहिलेलंच नव्हतं. मावसाजी दारातच उभे राहिले. पायाखाली पाण्याचं तळं. म्हणाले, "हे पोरगं माह्या घरी राहीन, मेहकरले शिकन. हो म्हना, म्हंजे मी आंग पुसतो." वडील हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी मावसाजींनी मला रस्त्यावरच्या गाड्यावरून एक साधा प्लास्टिकचा कोट घेऊन दिला. उलटा केला नाही, शिलाई पाहिली नाही. कॉलेज सुरू झालेलं होतं, वेळ नव्हता. कॉलेजची सगळी वर्षं मावशीच्या हातची भाकर खाऊन मी पदवीधर झालो, आणि आता बुलढाण्यात एका कार्यालयात लागलो. राहतो देऊळघाटला, रोज गाडीनं जातो-येतो.

मागच्या श्रावणात हिवरा आश्रमाच्या रस्त्यावर मावसाजी पडले. मनगटाचं हाड मोडलं. हात प्लास्टरमध्ये गेला. पावसानं पडले असंच सगळ्यांना वाटलं, आणि मावशीनं गाडीची किल्ली आपल्या कमरेला लावली. हात बरा झाल्यावर त्यांना गावात फिरण्यापुरती किल्ली मिळे, पण मिरगापासून गाडी बंद, असं तिनं जाहीर केलं. वैशाखात मावसाजींचा मला फोन आला. "तिकडं बुलढान्यात चांगला रेनसूट भेटते म्हन्ते. पाह्य बरं." मागोमाग मावशीचा. "सूट आनशीन तं माह्या दारात येऊ नको." मी मधल्या मध्ये सापडलो. ज्यांचं मीठ खाल्लं त्यांच्यापैकी कोणाला नाही म्हणायचं? रविवारी मी मेहकरला गेलो.

मावसाजी ओसरीवर डिक्कीतल्या सुया पुसत बसले होते. गेल्या वर्षी पडल्यापासून काम बुडालेलं. फोन येत, आणि ते "पाहतो" म्हणून ठेवत. खेड्याखेड्यांत फिरणारा माणूस ओसरीला लागलेला मला बघवेना.

"मावशी, जाऊ दे ना त्यांना. चांगला सूट घेऊन देतो मी," मी म्हणालो.

"सुटानं काय होते?" मावशी आतून कोट घेऊन आली. एक, दोन, नारंगी, काळा, सगळे पिशवीतले. ते तिनं माझ्यापुढे टाकले. "पाह्य. पान्यात एकाची तरी घडी मोडली का? पानी लागलं म्हून नाई पडले हे. पानी लागाच्या आंधी पडले. कोट घालून भिजवा लागू नाई म्हून रस्त्यावरच्या शेडापर्यंत गाडी पळवून राह्यले होते. इचार त्याईले."

मी मावसाजींकडे पाहिलं. ते सुई पुसत म्हणाले, "नवा होता ना, बाबू."

"आन् हात जुना होता?" मावशी म्हणाली. "घालत असन तं आजच देते मी किल्ली. पन घालते कुठं हा मानूस?"

परतताना मी विचार करत आलो. या माणसाला नवा कोट देणं म्हणजे डिक्कीत आणखी एक पिशवी घालणं. दुसऱ्या दिवशी मी बुलढाण्यात सूट घेतला, दुकानाची पिशवी तिथेच सोडली आणि भर वैशाखात तो अंगात घालून कार्यालयात जायला लागलो. देऊळघाटच्या चौकात चहावाला ओरडला, "काऊन बे, कुठं पानी पडून राह्यलं?" साहेबांनी तब्येतीची चौकशी केली. आतून मी घामानं असा निथळायचो की मावसाजींच्या परीक्षेत तो सूट उलट्या बाजूनं नापास झाला असता. मिरग जवळ आल्यावर मी तो एसटीनं मेहकरला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवला. फोनवर सांगणं शक्य नव्हतं. मावसाजी फोन मोठ्या आवाजात लावतात आणि सगळी गल्ली ऐकते. म्हणून खिशात चिठ्ठी ठेवली:

*तीर्थस्वरूप मावसाजी यांस, शिरसाष्टांग नमस्कार.*

*सोबत रेनसूट पाठवत आहे. नोकरी लागल्यावर तुमच्यासाठी घेतलेली ही माझी पहिलीच वस्तू, आणि ती मी वापरून पाठवतो आहे. मोठ्या माणसाला वापरलेलं देऊ नये हे मला कळतं. राग मानू नका. उजव्या बाहीवर चहा सांडला आहे. डाव्या गुडघ्याला भाजीच्या गाड्याचा ओरखडा आहे. कॉलरला घामाचा वास येईल, तो माझा आहे. पिशवी पाठवलेली नाही.*

*मावशीला मी सगळं कळवलं आहे. तुम्ही हा अंगात घालून तिच्यासमोर उभे राहा, ती किल्ली देईल. ढग दिसला की घालायचा, थेंबाची वाट बघायची नाही.*

*या सुटात जपण्यासारखं आता काही राहिलेलं नाही, मावसाजी. जपायचं ते सगळं त्याच्या आत बसून गाडी चालवणार आहे.*

*आपला,*
*बाबू*