नऊ जणांच्या वाटची प्रार्थना

आमच्यात सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. कुवेतच्या आमच्या घरात पुरुष एकच, माझा नवरा. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे अलिबागकडचे मराठी ज्यू. पण ऐंशीच्या सुमाराला तिथं ते सांगायची सोय नव्हती. आडनावाच्या शेवटी ‘कर’ होतं, त्यामुळे सगळे आम्हाला हिंदू समजत, आणि आम्ही समजू देत होतो.

हे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, मी तिथंच नर्स. यांच्याकडे आजोबांची एक गूढविद्येची वही होती. दहातला एक जरी कमी पडला तरी वरचं दार उघडत नाही, असं तिच्यात म्हणे लिहिलं होतं. यांनी त्यावर तोडगा काढला. सकाळची प्रार्थना दहा वेळा म्हणायची: एकदा स्वतःची, नऊदा न आलेल्या नऊ जणांच्या वाटची. एक शब्द अडखळला की पुन्हा पहिल्यापासून. झोप गेली, जेवण सुटलं.

आणि मी? मला अभिमान वाटत होता! केवढा देवभक्त नवरा माझा! परक्या पेशंटचा चेहरा बघून ताप ओळखणारी मी, घरात डोळे असून आंधळी.

मग लॅबमध्ये यांच्या हातून रक्ताच्या बाटल्यांची अदलाबदल झाली. साहेबांनी बजावलं, पुन्हा चूक झाली तर थेट घरी पाठवू. त्या दुपारी हे मला म्हणाले, “ते नऊ जण हल्ली खोलीत येऊन उभे राहतात.” माझी पाचावर धारण बसली.

आमच्याच हॉस्पिटलात मनोविकाराचे एक पुण्याचे डॉक्टर होते. भीत भीत त्यांना सगळं सांगितलं, धर्मासकट.

“सिस्टर, धर्म केसपेपरवर येणार नाही,” ते म्हणाले. “प्रार्थनाही बंद करू नका. पण एकदाच. आणि गोळ्या घ्यायलाच हव्यात.”

हे ऐकतील तर शपथ! “गोळीनं झोप लागली तर त्या नऊ जणांचं कोण म्हणणार?”

“त्यांचं ते बघतील!” मी ओरडले. रागानं नाही, भीतीनं.

शेवटी रजेवर निघालेल्या एका मैत्रिणीच्या हाती यांच्या काकांना चिठ्ठी पाठवली. काका गावच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवत. महिन्याभरानं ती परतली, उत्तर घेऊन. हे खिडकीपाशी उभं राहून मोठ्यानं वाचायला लागले.

“बाळा, निम्मं गाव इस्रायलला गेलं. आम्ही म्हातारे नऊच उरलोत. आमच्या वाटचं आम्ही म्हणतो, अजून जीभ चालते. तू तुझं एकदा म्हण आणि डॉक्टर सांगतील ते औषध घे. रजेत धडधाकट होऊन ये. आम्हाला दहावा हवाय.”

पुढचं यांना वाचवेना. ढसाढसा रडले. मीही रडले, लाज कसली त्यात?

बऱ्याच वेळानं डोळे पुसत यांनी विचारलं, “अगं, ती गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर?”