नसलेल्या मजल्याची सावली

माझ्या अंगात कधी कोणी आलं नाही, आणि दुसऱ्याच्या अंगात आलेलंही मी कधी खरं मानलं नाही. गल्लीत पोराला ताप आला की बायका मीठ-मोहरी ओवाळत बसतात, मी म्हणते, आधी डॉक्टरकडे ने बाई. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण जे झालं ते झालं.

आम्ही मूळचे शिरपूरकडचे. सुरतेत डिंडोलीला आमचं रो-हाउस आहे. वरच्या मजल्यावर दीर-जाऊ, खालच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं, मुलगा भूषण आणि सून कोमल. भूषण-कोमल स्वयंपाकघरात झोपायचे. पहाटे मला पाणी भरायचं म्हणून त्यांनी उठायचं, असा सगळा कारभार. कोमल बाळंतपणाला माहेरी गेली ती गेलीच. "स्वतःची खोली झाल्याशिवाय मी लेकीला घेऊन येणार नाही," असं तिने फोनवर सरळ सांगितलं. मला राग नाही आला. तिच्या जागी मी असते तर मीही आले नसते.

म्हणून गच्चीवर खोली काढायचं ठरलं. अडचण एकच — नियम. आमची गल्ली अरुंद, आणि रस्ता जेवढा रुंद तेवढीच घराची उंची. आमच्या प्लॉटवर तळमजला आणि वर एक मजला, त्यापुढे मंजुरी नाही. पण आमच्या लोकांची खोड तुम्हाला माहीत असेल. घर बांधतानाच खांबांच्या सळ्या गच्चीवर मोकळ्या सोडून ठेवतात, पुढच्या मजल्यासाठी. मंजुरी असो नसो, मजला मनात बांधून झालेला असतो! "बांधून टाका, पुढे इम्पॅक्ट फीचा दंड भरून कायदेसर करून घेऊ," हे इथलं ठरलेलं बोलणं. कधी होतं कायदेसर, कधी महापालिकेची गाडी येऊन पाडून जाते.

ठेकेदार ठरला. सेंटरिंगच्या फळ्या दारात येऊन पडल्या. मी म्हटलं, गच्ची झाकली जायच्या आत यंदाचे बिबडे, म्हणजे आमचे ज्वारीचे पापड, उरकून घेऊ. ज्वारीचा घाटा शिजवला, शेजारची वंदना मदतीला आली, आणि आम्ही जुन्या साड्या अंथरून गच्चीभर बिबडे थापले. वैशाखातलं ऊन, पायाला चटके बसत होते.

जेवून वर आलो तर कडेचे बिबडे वाळून कडक, आणि मधले सगळे ओलेच. हात लावला तर खालची लादी गार. तेव्हा कुठे लक्षात आलं की मध्ये सावली पडलीय. सरळ कडांची, या सळ्यांपासून त्या सळ्यांपर्यंत, बरोबर आमच्या होणाऱ्या खोलीएवढी. मी वर पाहिलं. ढग नाही, शेजारची इमारत नाही, कपड्याची दोरीसुद्धा नाही. मोकळं आभाळ.

"हाई कसानी सावली शे ओ माय?" वंदना म्हणाली आणि साडीचं टोक सोडून जिन्याशी जाऊन उभी राहिली.

मी तिथेच बसले. दुपार कलली, सळ्यांच्या सावल्या लांब होत गेल्या, पण ही जागची हलली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. आमचे हे वर आले, त्या सावलीत थोडा वेळ उभे राहिले, शर्टाचं वरचं बटण सोडलं. त्यांना गार वाटत होतं, तोंडावरून कळत होतं.

"भूषणनी माय," ते म्हणाले, "खोली ते व्हई गई. आते नुसत्या भिंती बांधानं बाकी शे."

आधीच नियमाच्या वर चाललोय, त्यात हे... मला मात्र ती ताकीद वाटली. उद्या बाळ वर झोपलेलं असताना काही झालं तर? मी हट्ट धरला आणि काम थांबवलं. ठेकेदार फळ्या घेऊन गेला. त्या दुपारपासून सावली दिसली नाही, राहिलेले बिबडे एका उन्हात वाळले.

भूषणला मी सगळं जसंच्या तसं सांगितलं होतं. त्याने सुरतेबाहेर चलथाणला भाड्याने खोली घेतली, आणि कोमल लेकीला घेऊन तिथे आली. आमच्या पलीकडच्या गल्लीत त्या वर्षी काढलेल्या मजल्यांतला एक महापालिकेने पाडला, बाकीचे अजून उभे आहेत. त्यावरूनही काही ठरवता येत नाही.

त्याला आता चार वर्षं झाली. यंदा आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, सगळे आमच्याकडे आले होते. पुरणपोळी झाली, आमरस झाला. भूषण हात धुऊन माझ्याजवळ बसला. म्हणाला, "आई, रणरणत्या उन्हात कोणी आपल्यावर सावली धरली, तर तो नको म्हणतोय असं आपण का समजलो?"

हे कोणाला विचारावं कळत नाही. ते काय होतं, कशाची सावली होती, मला आजही सांगता येणार नाही. तेवढ्यात नात चपला घालून दारात येऊन उभी राहिली. मी म्हटलं, राहा गं आज, आजीजवळ झोप. तिने माझ्याकडे पाहिलं, बापाचं बोट ओढलं आणि चलथाणच्या पोरांत शिकलेल्या हिंदीत म्हणाली,

"पप्पा, चलो ना... घर जाना है."